सगुणाताईंनी विचारलं होतं

स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण पडलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं.

पुढच्या खोलीत आम्ही पाच बायका सतरंजीवर डोळे मिटून बसलो होतो. गुरुवारची दुपार होती. वाचन झालं होतं आणि दहा मिनिटांचं मौन चालू होतं. त्या शांततेत ते झाकण बराच वेळ फिरलं, मग तडतडलं आणि थांबलं. मंजुळामावशी दचकल्या. मीही दचकले. माझ्या पोटातलं बाळ मात्र दचकलं नाही.

एरवी दचकायचं. आठवा महिना सरत आला होता, आणि असा काही आवाज झाला की ते आतून अशी उसळी घ्यायचं की पोटावरचा पदर हलायचा. कुकरची शिट्टी, शेजारच्यांचं दार, शमुवेलची शिंक, त्याला कुठलंही निमित्त पुरायचं. मी डोळे न उघडता पोटावर हात ठेवला आणि वाट पाहिली. तेव्हा लक्षात आलं, की सकाळी उठल्यापासून आपण हेच करतोय.

केझिया दारात येऊन उभी राहिली. माझी लेक, साडेचार वर्षांची. "मी नाही पाडलं. ते आपोआप पडलं," ती म्हणाली.

"पडू दे," सगुणाताई डोळे मिटूनच म्हणाल्या. "बायांनो, झाकण खाली पडलंय. तुम्ही मनात उचलायला जाऊ नका."

मी उचलायला गेले नाही.

सगुणाताई म्हणजे शमुवेलची थोरली बहीण. एकतीस वर्षं त्यांनी जालन्यात बाळंतपणाच्या खोलीत नर्स म्हणून काढली. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांना जन्मल्यावर पहिली चापट ताईंनीच मारलेली, असं सगळे हसून म्हणायचे. आमच्या पाळकसाहेबांना ताईंचं वाचन फारसं पसंत नव्हतं, पण त्यांच्या दोन्ही मुलांना ताईंनीच उलटं धरून रडवलं होतं, त्यामुळे ते गप्प असायचे.

ताईंचे यजमान, आमचे दाजी, गेले, त्याच वर्षी ताई निवृत्त झाल्या. रिकामं घर खायला उठायचं, तेव्हा त्यांनी बायबल, आमचं शास्त्र, उघडलं आणि ते वेगळ्याच तऱ्हेने वाचायला लागल्या. हे कुठल्या काळी कुणाला घडलं याच्याशी मला देणं नाही, त्या म्हणायच्या. यातला प्रत्येक राजा, प्रत्येक महारोगी, प्रत्येक वांझ बाई माझ्या आत आहे. गुलामगिरीचा देश म्हणजे आपली भीती. दूधमधाचा देश म्हणजे आपली खात्री. आणि मधली ती चाळीस वर्षांची वाळवंटातली पायपीट म्हणजे आपली कुरकुर. एवढं कळलं की मग बाकी सोपं. जे मागायचं ते मिळालंच आहे असं धरून चालायचं, तसंच जेवायचं, तसंच झोपायचं. आणि तोंडातून उणं काढायचं नाही, कारण उणं बोलणं म्हणजे उलटं मागणं.

आम्हाला ते जड गेलं नाही. आमच्या आयाआज्या कुठे म्हणायच्या, मीठ संपलं? मीठ वाढलं, म्हणायच्या. ताईंनी त्याच्यापुढचं पाऊल टाकलं, इतकंच. माझ्या घरात तांदळाचा डबा रिकामा झाला की मी शमुवेलला सांगायचे, तांदूळ यायचेत. तो रोलिंग मिलमधून दमून आलेला असायचा. डब्यात डोकावून म्हणायचा, "येऊ दे, पण येताना पिशवी घेऊन मीच येणार ना?" पण आणायचा.

गमतीही व्हायच्या. मंजुळामावशींनी वर्षभर फ्रीज मागितला होता आणि मिळाल्यासारखं वागायचं म्हणून ओट्याशेजारी त्याची जागा रिकामी ठेवली होती. दर गुरुवारी कुणीतरी विचारायचं, मावशी, फ्रीज कुठवर आला? "निघालाय, वाटेत गाडी पंक्चर झाली असेल," मावशी म्हणायच्या. ताई तेवढ्याच गंभीरपणे म्हणायच्या, "तू रंग ठरव आधी. देव दुकानात उभा आहे केव्हाचा."

हसायचो आम्ही. पण माझं हसणं वरवरचं होतं. माझ्यासाठी ते वाचन फ्रीजपुरतं नव्हतं.

केझियाच्या नंतर माझं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी आनंदाने नाही, धास्तीने अर्धी झाले. दिवसातून वीस वेळा मोरीत जाऊन बघायचे, काही लाल तर दिसत नाही ना. एकदा ताईंनी मला मोरीच्या दारातच धरलं, पलंगावर बसवलं आणि मांडीवर शास्त्र उघडलं. म्हातारपणी पाळणा हलला त्या बाईची गोष्ट वाचली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "ही बाई आधी हसली, मग तिला मूल झालं. तू हसायला कधी लागणार आहेस?" त्या दिवसापासून त्या रोज एक पान वाचून जायच्या. मला झोप यायला लागली. तिसरा महिना गेला. पाचवा गेला. सहाव्यात बाळ लाथा मारायला लागलं, तेव्हा मी ताईंच्या गळ्यात पडून रडले.

कुणी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. ते आठ महिने मी त्या पानांवरच काढले. पाण्यावर चालावं तशी चालत आले होते मी, आणि पाण्यावर चालणाऱ्याने खाली पाहायचं नसतं, एवढं मला पक्कं कळलं होतं.

मौन संपलं. ताई उठून आत गेल्या, नेहमीसारखा चहा त्यांनीच टाकला. मी ओट्याशी कप मांडत होते. केझिया माझ्या पायाशी कणकेच्या गोळ्या वळत बसली होती. सकाळी तिने रोजच्यासारखा पोटाला कान लावला होता आणि म्हणाली होती, "झोपलंय." मी तिला म्हटलं होतं, "हो, झोपू दे."

ताई चहा गाळत होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "बाळ हलतंय ना गं?"

दारात मंजुळामावशी उभ्या होत्या, त्यांच्या मागे बाकीच्या दोघी. ताईंनी असं सगळ्यांसमोर बरेचदा विचारलेलं होतं. गुडघे कसे आहेत, त्या एखादीला विचारायच्या, आणि तिने कण्हत सुरुवात केली की बोट वर करायच्या. ती थांबायची, हसायची, म्हणायची, "छान आहेत." मग ताई मान हलवायच्या. तो आमचा धडाच असायचा.

माझ्या तोंडाशी शब्द आला होता, 'सकाळपासून नाही.' तो शब्द बाहेर पडला तर काय होईल हे मला दिसत होतं. सगळ्यांचे चेहरे उतरतील, ताईंचं बोट वर होईल, आणि आठ महिने जपून आणलेलं काहीतरी माझ्याच जिभेने मी खाली टाकीन.

"हो ताई," मी म्हटलं. "मस्त हलतंय."

ताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला आता वाटतं. मग त्यांनी कप माझ्या हातात दिला. मंजुळामावशी म्हणाल्या, मुलगाच आहे, आतमध्ये फुटबॉल मांडलाय त्याने. केझियाने कणकेची गोळी हातात तशीच धरून माझ्याकडे मान उंचावून पाहिलं.

शुक्रवारी शमुवेल सकाळच्या पाळीला गेला. बाळ हलावं म्हणून मी साखर घालून गार पाणी प्याले आणि डाव्या कुशीवर पडून राहिले. हे मला ताईंनीच पूर्वी कधी शिकवलं होतं, गरोदर बायकांना त्या दवाखान्यात असंच सांगायच्या. मी वाट पाहिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून घड्याळाकडे पाठ केली. मग कूस बदलताना पोटात काहीतरी सरकलं. जड, हळू, पिशवीतलं सामान एका बाजूला कलावं तसं. मला माहीत होतं, ही लाथ नव्हे. मी डोळे मिटले आणि त्या सरकण्याबद्दल देवाचे उपकार मानले.

फोन उशाशीच होता. ताईंचं घर पायी सात मिनिटांवर. मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा स्वतःला हेच सांगितलं, की न बोललेली गोष्ट अजून झालेली नसते. पोटावर हात ठेवून मी मोठ्याने वाचायला घेतलं. केझिया बाजूला बसून प्रत्येक ओळीच्या शेवटी आमेन म्हणत होती. तिला वाटत होतं, तसंच असतं.

शमुवेल दुपारी आला. जेवताना त्याने विचारलं, बरी आहेस ना, तोंड उतरलंय. मी म्हटलं, छान आहे. तो लगेच झोपला. त्याच्या पायांना मिलमधल्या लोखंडाचा वास यायचा, तो मला त्या दिवशी सहन होईना. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

संध्याकाळी, उन्हं भिंतीवर चढली तेव्हा ताई आल्या. हातात गाठोडं होतं. त्यांच्या जुन्या सुती साड्यांची त्यांनी दुपटी शिवली होती. एकेक उलगडून दाखवत होत्या, हे लांब आहे, हे आंघोळीनंतरचं. बोलता बोलता त्यांनी सहज, घरचं माणूस ठेवतं तसा, माझ्या पोटावर हात ठेवला.

हात ठेवला तेव्हा तो नणंदेचा होता. मग तो हलला. दोन बोटं एका जागी दाबून पाहिली, दुसऱ्या जागी पाहिली. खालून वर गेला आणि थांबला. ताईंचं बोलणं मध्येच तुटलं होतं. त्या वाकल्या आणि त्यांनी पोटाला कान लावला. इतका वेळ लावला, की मला त्यांच्या केसांतला भांग, त्यातले पांढरे केस, कानामागची जुनी खूण, सगळं मोजून पाहता आलं.

"कधीपासून?" त्यांनी कान न उचलता विचारलं.

"काल सकाळपासून."

त्या सरळ झाल्या. मला वाटलं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी शमुवेलला उठवलं, रिक्षा आणायला सांगितली, केझियाला मंजुळामावशींकडे पोचवलं आणि माझी फाईल शोधून काढली. कपाटाच्या कोणत्या खणात असेल हे त्यांना विचारावं लागलं नाही. पाच मिनिटांत सगळं. एकतीस वर्षांची सवय होती ती.

शमुवेल पुढे रिक्षावाल्याशेजारी टेकून बसला होता. मागे आम्ही दोघी. रस्त्याचं काम चालू होतं, खड्डा आला की ताई माझ्या कमरेखाली हात घालून मला उचलून धरत. मग त्या बोलल्या, अगदी हळू, समोर बघत.

"मी काल तुला नर्स म्हणून विचारलं होतं गं, विनया."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही माझा विश्वास बघताय."

दवाखाना येईपर्यंत त्यांचा हात माझ्या कमरेखाली तसाच होता.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा आपल्याकडे वळवून घेतला तेव्हाच मला कळलं. ताई पडद्याच्या त्या बाजूला उभ्या होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, आणि त्यांनी तो माझ्यापासून लपवला नाही.

शनिवारी दुपारी मी त्याला जन्म दिला. कळा सगळ्या तशाच येतात, हे मला माहीत नव्हतं. ताईंनी डॉक्टरांना विचारून आत राहायची परवानगी घेतली होती. बाळ बाहेर आलं. ताईंनीच त्याला घेतलं, पुसलं, कोमट पाण्याने धुतलं, नाकाडोळ्यांतून कापूस फिरवला, जिवंत बाळाचं करतात ते सगळं केलं. फक्त चापट मारली नाही. मग आदल्या दिवशी आणलेल्या दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मुलगा होता. भुवया शमुवेलच्या होत्या. नखंसुद्धा आलेली होती, थोडी वाढलेली.

नाळेला गाठ बसली होती, डॉक्टर म्हणाले. गुरुवारीच आले असते तर, मी विचारलं. ते हात धूत होते. नळ बंद करून म्हणाले, "ते सांगता येत नाही. कदाचित उपयोग झाला असता. कदाचित नसताही झाला." भला माणूस होता. दोन्ही कदाचित त्याने सारख्याच आवाजात म्हटले.

शमुवेल आणि पाळकसाहेब त्याला कबरस्तानात घेऊन गेले. मिलमधल्या सुताराने पेटी करून दिली होती. परत आल्यावर शमुवेल म्हणाला, माती खूप मऊ होती. पुढे तो त्याबद्दल कधीच बोलला नाही. मी दोन दिवस गप्प राहिले हे त्याला कळलं होतं, आणि त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कैकदा वाटलंय.

ताई रोज यायच्या. दूध उतरायला लागलं होतं, ते पिणारं कुणी नव्हतं, छाती दगडासारखी झाली होती. त्या गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, घट्ट पट्टा बांधायच्या. शास्त्र आणायच्या नाहीत. एक दिवस पट्टा बांधता बांधता माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "हा प्रश्न मी हजारो बायांना विचारला. अडाणी बाया, मार खाल्लेल्या बाया, नवऱ्याला घाबरणाऱ्या बाया. या एका प्रश्नाला कुणी खोटं उत्तर दिलं नाही." त्यांचे हात थांबले. "तू शिकलेली. आणि माझ्या घरची."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. ताई, तुम्ही मला आठ महिने झोप दिलीत, हे तरी. तेही खरंच होतं. पण तोंड उघडलं की रडू येई. त्यांनी गाठ मारली आणि त्या भांडी घासायला गेल्या.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी, बायका सवयीने जमल्या. ताईंनी शास्त्रातलं एक विलापाचं स्तोत्र वाचलं आणि त्याचा कसलाही अर्थ सांगितला नाही. सगळ्या अर्थाची वाट बघत बसल्या. मग मंजुळामावशी म्हणाल्या, "सगुणे, माझे गुडघे फार दुखतात गं," आणि रडायला लागल्या. ताईंनी बोट वर केलं नाही. सरकून त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांचे गुडघे दाबत राहिल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी दोघीच आल्या, आणि मग कुणी आलं नाही.

आता सहा वर्षं झाली. मी शास्त्र वाचते. त्यातल्या बायका माझ्या आत आहेत की नाहीत मला सांगता येत नाही, पण त्यांची सोबत होते. ताई थकल्यात, आमच्याकडेच असतात. कुणी गरोदर बाई भेटायला आली की त्या तिला बाजूला घेतात, दार लोटतात आणि मग विचारतात. सगळ्यांसमोर विचारत नाहीत.

पण मला सांगायचंय ते बाळ गेलं त्याच वर्षीचं. ईस्टरआधीचे, लेंटच्या उपासांचे दिवस होते, दुपारची वेळ. केझिया ताटावरून न जेवता उठली आणि भिंतीला टेकून बसली. बाहुलीही जवळ नव्हती. मी कपडे घड्या करत होते. दोनदा हाक मारली, ती हसली. ते हसणं मला ओळखीचं वाटलं म्हणून मी जवळ गेले. कपाळाला हात लावला तर चटका बसला. डोळे तापाने लाल झाले होते. मी विचारलं, "दुखतंय का कुठे?"

"नाही," ती म्हणाली. "मस्त आहे."

मी तिथेच खाली बसले. तिला मांडीत घेतलं. ताप तिच्या फ्रॉकमधून माझ्या मांडीला लागत होता. तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आपलं काही चुकलं का ते बघत असल्यासारखं, आणि विचारलं, "आई, खरं सांगू, का विश्वासाचं सांगू?"

"खरं," मी म्हटलं. "कुणीही विचारलं तरी खरंच सांगायचं. मला, आत्याला, देवाला, सगळ्यांना खरंच."

"घसा दुखतोय," ती म्हणाली. "काल शाळेतपण दुखत होता. डोकंपण."

मी तिला घट्ट धरलं. म्हटलं, सांगितलंस ते फार बरं केलंस, आता आपण औषध घेऊ, मग बरं वाटेल. तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. मला वाटलं, झोप लागली. मी तिला थोपटत, तशीच उठून औषधाच्या डब्याकडे निघाले. ताईंना फोन करायचा होता, पाणी उकळायचं होतं. तिचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता.

"आई," ती खांद्यावरूनच म्हणाली, "तू आत्याला खरं सांगितलं असतंस, तर बाळ आलं असतं का?"